अडत्या, व्यापारी आणि सावकार: वाड्यातले चित्र लिलावात देण्यापूर्वी

आर्वी तालुक्यातील एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या आबाजींच्या काळापासून वाड्याच्या माजघरात दोन चित्रे आहेत. एक लक्ष्मीचे असून घरातले सर्व जण त्याला ‘रविवर्म्याचे’ म्हणतात. दुसरे नदीकाठच्या देवळाचे, जलरंगातले, कोपऱ्यात पुसट सही असलेले, आणि ते आबाजींनी 1942-43 च्या सुमारास नागपुरात चित्रकला शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याकडून घेतले होते असे वडील सांगतात. नागपूरहून आलेला एक माणूस दोन्ही मिळून चार लाख रुपये रोख द्यायला तयार आहे. पुण्यात नोकरी करणारी मुलगी म्हणते, की चित्रे लिलावगृहाकडे पाठवावीत. मात्र या गृहस्थांनी ओसियान्स या लिलावसंस्थेच्या उदयाची आणि पुढच्या अडचणींची हकीकत वाचली आहे, आणि त्यांचा शेवटचा प्रश्न असा: “एवढे मोठे लिलावगृह अडचणीत येऊ शकते, तर आमच्यासारख्या खेड्यातल्या माणसाने आपली वस्तू कोणाच्या भरवशावर मुंबईला पाठवावी?”

मी गेली सत्तावीस वर्षे अमरावतीत राहून जुन्या चित्रांची चौकट बदलणे, दुरुस्तीची सोय करणे आणि मालकाला विकायचेच असेल तर ती योग्य ठिकाणी पोहोचवणे हे काम करतो. त्या अनुभवावरून सांगतो, की या प्रश्नात दोन निरनिराळ्या शंका एकमेकींत गुंतल्या आहेत. लिलावगृह बुडाले तर काय, ही एक. आपल्याकडे नेमके काय आहे, ही दुसरी. दुसरीचे उत्तर चित्र प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय कोणीही देऊ नये आणि मीही देणार नाही. ते कशावर अवलंबून असते एवढेच सांगेन. पहिल्या शंकेबद्दल मात्र बरेच ठामपणे बोलता येते.

आपल्या भागातल्या वाचकांना लिलाव नवा नाही. हिंगणघाट, अकोट किंवा आर्वीच्या बाजारात कापसाचा, तुरीचा हर्रास ज्यांनी पाहिला आहे, त्यांना मुंबईच्या झगमगीत दालनातला चित्रांचा लिलाव समजायला अर्धा तासही लागणार नाही. शेतकरी माल आणतो, अडत्या तो आपल्या ओट्यावर उतरवून घेतो, व्यापारी बोली लावतात, भाव फुटतो, अडत्या आपली अडत, म्हणजे दलाली, घेतो आणि शेतकऱ्याच्या हातात पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, ठेवतो. या व्यवहारात अडत्याची जागा महत्त्वाची असते, कारण माल त्याचा नसतो आणि पैसाही त्याचा नसतो. त्याची कमाई दोघांना एकत्र आणण्याची आणि वजन-मापाची हमी देण्याची असते. हाच अडत्या जेव्हा स्वतः माल धरून ठेवू लागतो, शेतकऱ्याला उचल देऊ लागतो, दुसऱ्यांच्या ठेवी घेऊन साठा करू लागतो आणि वर उद्याचा भाव काय राहील हेही तोच सांगू लागतो, तेव्हा तेजीच्या वर्षी त्याच्याइतका कर्तबगार माणूस गावात दुसरा दिसत नाही. मंदीच्या वर्षी मात्र कोणाचा माल आणि कोणाचा पैसा हे वेगळे करायला बसावे लागते.

ओसियान्सची हकीकत मी अशी वाचतो. नेव्हिल तुली यांनी 2000 साली ही संस्था उभी केली. त्याच वर्षी सॅफ्रनआर्ट या दुसऱ्या संस्थेने इंटरनेटवरून लिलाव करायला सुरुवात केली होती, आणि परदेशी लिलावगृहांतून भारतीय चित्रांना मागणी वाढू लागली होती. 2002 मध्ये न्यूयॉर्कच्या क्रिस्टीज या लिलावगृहात चित्रकार तैयब मेहता यांचे तीन फलकांचे एक चित्र सव्वातीन लाख डॉलरच्या जवळ गेले. 2005 मध्ये त्यांच्याच महिषासुराच्या चित्राने पंधरा लाख डॉलरचा टप्पा ओलांडला. त्याआधी भारतीय चित्र बहुधा विकले जाई ते गॅलरीच्या मागच्या खोलीत, आणि किंमत दोघांनाच ठाऊक असे. जाहीर बोलीमुळे किंमत सर्वांसमोर आली. खेड्यात सौदा रुमालाखाली बोटे दाबून होण्याऐवजी फळ्यावर भाव लिहिला जाऊ लागला, तसाच हा बदल होता, आणि त्याचे श्रेय ओसियान्स आणि तिच्या समकालीन संस्थांना द्यावेच लागेल.

तुली यांची कल्पना केवळ लिलावाची नव्हती. छापील याद्या अभ्यासपूर्ण असाव्यात, चित्रांसोबत जुनी सिनेमाची पोस्टरे, छायाचित्रे, छापील देवदेवतांची चित्रे यांनाही संग्रहमूल्य मिळावे, बँकांनी चित्र तारण म्हणून स्वीकारावे, असा त्यांचा व्यापक आग्रह होता. आमच्यासारख्यांना त्याचा थेट फायदा झाला. ज्या पोस्टरांच्या मागे विदर्भातल्या टुरिंग टॉकीजवाल्यांनी हिशेब लिहिले होते, ती पोस्टरे कोणी शंभर रुपयांना घेईल असे मला 1999 मध्ये वाटले नसते. चार-पाच वर्षांत लोक ती शोधत अमरावतीपर्यंत येऊ लागले. संस्थेने मोठे अभिलेखागार उभारले, 2004 पासून दिल्लीतला सिनेफॅन हा आशियाई चित्रपटांचा महोत्सव चालवायला घेतला, ड्युरँड फुटबॉल चषकाचे प्रायोजकत्व स्वीकारले, मुंबईतले मिनर्व्हा थिएटर घेऊन तेथे कलासंकुल उभारण्याची योजना जाहीर केली, आणि एका अर्थविषयक दैनिकाच्या साथीने कलाबाजाराचा निर्देशांकही काढला. यातली एकेक गोष्ट चांगली होती. माझा आक्षेप त्यांच्या बेरजेला आहे.

2006 मध्ये ओसियान्स आर्ट फंड आला. सुमारे 102 कोटी रुपये त्यात गोळा झाले आणि मुदत तीन वर्षांची होती. गुंतवणूकदारांच्या पैशांतून चित्रे घ्यायची, भाव वाढल्यावर विकायची आणि नफा वाटायचा, हा त्याचा साधा हिशेब होता. ज्यांनी कधी सोयाबीन घरात भरून ठेवले आहे त्यांना यातली अडचण लगेच कळेल. सोयाबीन निदान रोज बाजारात विकता येते. रोजचा भाव पडला तरी तो असतो. चित्राला रोजचा भाव नसतो. वर्षातून चार-सहा मोठे लिलाव होतात, प्रत्येकात एका चित्रकाराची मोजकीच चित्रे पचतात, आणि एकाच हंगामात चाळीस चित्रे बाहेर काढली तर स्वतःच्याच मालाचा भाव स्वतःच पाडल्यासारखे होते. म्हणजे वस्तू हळूहळू विकावी लागते, पण कबूल केलेली तारीख थांबत नाही. फेब्रुवारी 2008 मध्ये शेअरबाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने स्पष्ट केले, की चित्रांत पैसे गुंतवणारे असे निधी सामूहिक गुंतवणूक योजनेत मोडतात आणि नोंदणीशिवाय चालवता येत नाहीत. सप्टेंबर 2008 मध्ये अमेरिकेतली लेहमन ब्रदर्स ही बँक कोसळली आणि तिच्याबरोबर जगभरच्या चित्रांच्या बाजारातला खेळता पैसा आटला. विशेषतः तरुण चित्रकारांची जी चित्रे दोन वर्षांत पाचपट झाली होती, त्यांना गिऱ्हाईकच उरले नाही. निधीची मुदत संपली ती नेमकी 2009 च्या मध्यावर. परतफेड लांबत गेली, आणि 2013 मध्ये सेबीने योजना गुंडाळून गुंतवणूकदारांचे पैसे परत करण्याचा आदेश दिला.

येथे कोणाच्या हेतूवर शंका घ्यायची माझी इच्छा नाही. चित्रांवर मनापासून प्रेम असणाऱ्या माणसांकडूनच हे घडले असे मी समजतो. मुद्दा रचनेचा आहे. जो गट चित्रे विकून देत होता, तोच निधीसाठी चित्रे घेत होता, तोच स्वतःचा संग्रह वाढवत होता आणि बाजार किती चढला हेही तोच मोजत होता. तेजीत या चारही भूमिका एकमेकींना बळ देतात. मंदीत एका खिशातला ताण सगळ्या खिशांत उतरतो. अडत्याला संग्रहालय बांधायचे स्वप्न पडले तर ते चांगलेच आहे, पण त्या स्वप्नाचे हप्ते माझ्या पट्टीच्या पैशांतून जाणार नाहीत, याची खात्री मात्र मला हवी.

मग प्रश्नकर्त्यांनी लक्षात घ्यावे, की ओसियान्सच्या निधीत ज्यांचे पैसे अडकले ते गुंतवणूकदार होते आणि आपण आहात वस्तूचे मालक. दोघांची जोखीम सारखी नाही. आपण चित्र लिलावासाठी देता तेव्हा ते विकले जाईपर्यंत आपलेच असते, लिलावगृह ते केवळ सांभाळत असते. ते घर अडचणीत आले तरी करारपत्र आणि पोचपावती नीट असेल तर चित्र परत मागता येते. खरा धोका आहे तो हातोडा पडल्यापासून, म्हणजे बोली पक्की झाल्यापासून, पैसे आपल्या खात्यात येईपर्यंतच्या काळात, कारण त्या काळात चित्र गेलेले असते आणि पैसा लिलावगृहाच्या हातात असतो. ही फट जितकी लांब, तितकी जोखीम मोठी.

ही फट मी स्वतः भोगली आहे. 2008 च्या उन्हाळ्यात परतवाड्याजवळच्या एका निवृत्त शिक्षकांचे एक चांगले तैलचित्र मी एका लिलावगृहाकडे पाठवले होते. चित्र विकले गेले, अभिनंदनाचे पत्रही आले, पण खरेदीदाराने पैसे दिले नाहीत असे कारण सांगून रक्कम चौदा महिने लांबली. करारात मुदत लिहिली होती ‘खरेदीदाराकडून रक्कम प्राप्त झाल्यावर’, आणि ते वाक्य वाचूनही मी त्यावर बोट ठेवले नव्हते. शेवटी तीन हप्त्यांत पैसे मिळाले. मधल्या काळात गुरुजींच्या घरी लग्न होते. त्यांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही, हेच मला अधिक लागले.

तेव्हापासून करारातली काही वाक्ये मी आधी पाहतो. विक्रीनंतर किती दिवसांत पैसे, हे आकड्यात असले पाहिजे. पस्तीस ते साठ दिवस हे मला वाजवी वाटते. खरेदीदाराने पैसे बुडवले तर चित्र मालकाला परत मिळेल आणि तोपर्यंत ते खरेदीदाराच्या ताब्यात जाणार नाही, हे स्पष्ट लिहिलेले हवे. विमा कोणत्या रकमेचा, तो आपल्या दारापासून सुरू होतो की त्यांच्या गोदामापासून, हेही तितकेच महत्त्वाचे. आपल्याकडून मुंबईपर्यंतचा रस्ताच सर्वांत खडतर असतो आणि नेमका तोच अनेकदा विम्याबाहेर राहतो. आणि लिलावगृहाला किंवा त्याच्या संचालकांना स्वतः त्या लिलावात बोली लावता येते का, लावली तर ते जाहीर करतात का, हा प्रश्न तोंडी विचारावा. उत्तरापेक्षा उत्तर देतानाचा चेहरा पाहावा. चांगली घरे या प्रश्नाने रागावत नाहीत.

किमतीच्या शब्दांचाही घोळ होतो. वृत्तपत्रात जी रक्कम छापून येते तिच्यात बहुधा खरेदीदाराने लिलावगृहाला द्यायचा अधिभार मिळवलेला असतो, त्यामुळे ती मालकाच्या हातात कधीच पडत नाही. समजा हातोडा दहा लाखांवर पडला. खरेदीदार त्यावर घराचा अधिभार आणि कर भरून बारा-तेरा लाख देईल, आणि आपल्याला दहातून विक्रेत्याचे कमिशन, त्यावरचा कर, कधी छायाचित्रणाचा व विम्याचा खर्च वजा जाऊन नऊच्या आतबाहेर मिळतील. कमिशन दगडावरची रेघ नसते. वस्तू चांगली असेल तर त्यावर बोलता येते; आपल्याकडच्या लोकांना बोलायला संकोच वाटतो म्हणून सांगितले.

राखीव किंमत म्हणजे जिच्या खाली चित्र विकायचे नाही ती किंमत. प्रत्येक मालकाला ती चढी ठेवावीशी वाटते आणि मीही एकेकाळी तसाच सल्ला देत असे. ती चूक होती. जाहीर लिलावात न विकलेले चित्र बाजारात ‘जळते’. त्याचा क्रमांक, छायाचित्र आणि अपयश कायम इंटरनेटवर राहते, आणि पुढची पाच वर्षे प्रत्येक गिऱ्हाईक पहिला प्रश्न तोच विचारते. बैलबाजारात तीन आठवडे परत जाणाऱ्या जोडीसारखे त्याचे होते, जोडीत खोट नसली तरी. राखीव किंमत माफक ठेवून दोन गिऱ्हाइकांना झुंजू द्यावे. वस्तू खरी असेल तर भाव आपोआप वर जातो. मात्र हे तेजीतले किंवा निदान स्थिर बाजारातले धोरण आहे. पडत्या बाजारात माझा सल्ला एकच असतो, की गरज नसेल तर चित्र भिंतीवरच राहू द्यावे.

आता चित्रांकडे वळतो. लक्ष्मीच्या चित्राबद्दल मी आशा कमी ठेवायला सांगेन. राजा रविवर्म्यांनी 1894 मध्ये मुंबईत शिळाछापाचा कारखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तेथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोहोचल्या. विदर्भातल्या मालगुजारांच्या आणि देशमुखांच्या वाड्यांत मी अशा शेकडो पाहिल्या आहेत. काहींवर कॅनव्हाससारखे दाब देऊन वार्निश केलेले असते, त्यामुळे बोट फिरवणाऱ्याला ते तैलचित्रच वाटते. सराफाकडचे भिंग आणून गालावरचा किंवा हातावरचा रंग पाहावा: रंग बारीक ठिपक्यांचा बनलेला दिसला तर तो छाप आहे. खालच्या कडेला चौकटीत दडलेली छापखान्याची ओळ सापडण्याची शक्यता असते. असा छाप निरुपयोगी नसतो. स्थिती चांगली असेल, आणि त्यावर आजीने हाताने टिकल्या व जर लावलेली असेल तर संग्राहकांना तो विशेष आवडतो. पण त्याची किंमत हजारांत असते. तो खरोखर रविवर्म्यांच्या हातचा निघाला, तर 1972 च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्याखाली त्यांची चित्रे देशाबाहेर नेता येत नाहीत, हेही लक्षात असू द्यावे. देशातल्या देशात विकायला त्याने अडचण येत नाही.

जलरंगाच्या चित्रावर मी अधिक वेळ घालवीन. वडिलांनी सांगितलेले साल वाचून अनेकांच्या मनात एक नाव आले असणार, आणि चार लाख घेऊन आलेल्या माणसाच्याही मनात ते असणार. विख्यात चित्रकार सय्यद हैदर रझा यांचा जन्म 1922 मध्ये मंडला जिल्ह्यातल्या बाबरिया गावी झाला, ते 1939 पासून 1943 पर्यंत नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले आणि मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले. सुरुवातीच्या काळात त्यांनी जलरंगात पुष्कळ निसर्गदृश्ये रंगवली. त्यांचे ‘सौराष्ट्र’ हे चित्र 2010 मध्ये लंडनला सोळा कोटींहून अधिक किमतीला गेले आणि 2023 मध्ये मुंबईच्या पुंडोल्स या लिलावगृहात त्यांच्या दुसऱ्या एका चित्राला 51.75 कोटी मिळाले. हे आकडे वाचून प्रश्नकर्त्यांच्या घरी रात्री झोप लागणार नाही, म्हणून लगेच सांगतो, की ही दोन्ही चित्रे नंतरच्या, प्रौढ काळातली मोठी कामे आहेत. विद्यार्थिदशेतल्या लहान जलरंगाचा त्या आकड्यांशी काही संबंध नाही. शिवाय त्या वर्षांत त्या शाळेत रझा एकटेच शिकत नव्हते. त्यांचे सहाध्यायीही नदी आणि देऊळ रंगवतच होते आणि खर्चासाठी विकतही असतील. नागपूरशी जोडलेल्या मोठ्या नावांची ही मोहिनी मला नेहमीची आहे. चित्रकार वासुदेव गायतोंडे 1924 मध्ये नागपुरात जन्मले एवढ्या आधारावर ‘हे गायतोंड्यांचे’ म्हणून माझ्याकडे निदान चार चित्रे आली, त्यांतले एकही नव्हते.

खोट्या चित्रांचा सुळसुळाट किती आहे याचे एक उदाहरण पुरेल. 2009 मध्ये दिल्लीतल्या एका गॅलरीत रझांच्या सुरुवातीच्या चित्रांचे म्हणून प्रदर्शन भरले. वयोवृद्ध रझा स्वतः पाहायला गेले आणि त्यांतली बहुतेक आपली नाहीत हे त्यांना तिथेच दिसले. चित्रकार हयात असताना हे घडले. ते 2016 मध्ये गेले. त्यांच्या चित्रसूचीचा पहिला खंड 1958 पासून सुरू होतो, त्यामुळे नागपूरच्या काळातल्या कामाला त्या खंडाचा आधार मिळत नाही. म्हणून येथे पुराव्याची साखळीच सर्वस्व आहे, आणि ती साखळी आपल्या घरात आहे: आबाजींची रोजकीर्द, त्या वर्षीच्या खर्चाची नोंद, एखादे पोस्टकार्ड, चित्रासमोर काढलेला घरातल्या लग्नाचा जुना फोटो. चित्राच्या पुढच्या बाजूपेक्षा मागची बाजू मला नेहमी अधिक सांगते. चौकटवाल्याची चिठ्ठी, पेन्सिलीने लिहिलेला भाव, गंजलेले खिळे, पुठ्ठ्याचा प्रकार, यांवरून ऐंशी वर्षे ते कोठे होते हे बरेचसे कळते. त्या मागच्या पुठ्ठ्याला हात लावू नये, तो मळका असला तरी.

पुरावा उभा राहिला तर रझांच्या कामाची खरी पारख असणाऱ्या दोन स्वतंत्र व्यक्तींचे मत घ्यावे. ज्याला चित्र विकत घ्यायचे आहे त्याचे मत त्यांत धरू नये. पुरावा उभा राहिला नाही, तर ‘नागपूरच्या शाळेतील, सुमारे 1940’ असे प्रामाणिक वर्णन करून ते विकता येते. किंमत कमी येते, पण पुढे कोणी दारात येत नाही.

इथवरचे सार एवढेच, की लिलावगृह बुडण्याच्या भीतीवर कराराचा उपाय आहे आणि वस्तूच्या ओळखीवर कागदांचा. तिसरी गोष्ट मालकीची, जिच्यावर मी पाहिलेले सर्वाधिक व्यवहार फिसकटले आहेत. चित्र आबाजींचे होते म्हणजे ते केवळ वाड्यात राहणाऱ्या मुलाचे होत नाही. काका, आत्या, त्यांची मुले या सर्वांची लेखी संमती आधी घ्यावी. चार लाखांच्या वस्तूसाठी कोणी भांडत नाही, पण वृत्तपत्रात आकडा आला की अकोल्याची आत्याही आठवते आणि सुरतेचा चुलतभाऊही, आणि कायद्याने त्यांचे म्हणणे बहुतेक वेळा बरोबरच असते.

कराचेही पाहावे. 2007 च्या वित्त कायद्यापासून चित्रे, शिल्पे आणि कलावस्तू ‘वैयक्तिक चीजवस्तू’ या सवलतीतून वगळल्या आहेत. म्हणजे विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागतो. वारशाने आलेल्या वस्तूला पूर्वीच्या मालकाचा खर्च आणि धारणकाळ धरतात, आणि 1 एप्रिल 2001 पूर्वीच्या वस्तूसाठी त्या तारखेची वाजवी किंमत धरता येते. त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल करून ठेवावा. जुलै 2024 पासून असा दीर्घकालीन नफा 12.5 टक्क्यांनी करपात्र आहे. आणि दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम एका व्यवहारात रोख घेणे कायद्याने मना आहे; नागपूरचे गृहस्थ चार लाख रोख देतो म्हणतात तेव्हा ते आपल्यावर उपकार करत नाहीत, दंडाचा धोका रोख रक्कम घेणाऱ्याच्या, म्हणजे आपल्याच माथी मारत आहेत.

त्या गृहस्थांविषयी मला राग नाही. असे फिरते खरेदीदार नसते तर कित्येक वाड्यांतल्या वस्तू वाळवीने खाल्ल्या असत्या किंवा भंगारात गेल्या असत्या. पण त्यांनी दोन्ही चित्रे मिळून एकच भाव सांगितला आहे, ही गोष्ट मला बोलकी वाटते. ज्याला लक्ष्मी हवी असते तो लक्ष्मीचा भाव करतो. त्यांना म्हणावे, की लक्ष्मीचे तुम्ही काय द्याल ते सांगा, दुसरे चित्र आम्हाला ठेवायचे आहे. उत्तर काय येते त्यावरून आपल्याला पुष्कळ कळेल, आणि त्यासाठी मला अमरावतीहून यावे लागणार नाही.

तोपर्यंत जलरंगाचे चित्र भिंतीवरून उतरवावे, कारण मे महिन्यात आपल्या भिंती तापतात आणि पावसाळ्यात त्याच भिंती ओल धरतात. कागद काचेला चिकटला असेल तर सोडवू नये. ओले फडके, बटाट्याची फोड, जवसाचे तेल यांतले काहीही लावू नये; मी आजवर दुरुस्त करू न शकलेली चित्रे बहुतेक अशाच प्रेमाने पुसलेली होती. स्वच्छ धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून, आडवे, जमिनीपासून उंच, धान्याच्या कोठीपासून दूर ठेवावे. समोरून, मागून, सहीजवळून आणि खिडकीच्या तिरप्या उजेडात अशी चार छायाचित्रे काढून मुलीकडे पाठवावीत आणि आबाजींच्या वह्या शोधायला घ्याव्यात. आधी 1942 आणि 1943 या दोन वर्षांच्या.